सावधान उभ्या माणसाचा पडदा

मी पडदा बोलतोय. खिडकीचा नव्हे, फुप्फुसांखाली, पोटाच्या वर ताणून बसवलेला, श्वासाचा. मी कुणाला दिसत नाही, त्याचं काही नाही. मला भीती वाटते जिन्याची.

माझे मालक शाळेत पीटीचे सर होते. "छाती पुढे, पोट आत!" हे त्यांचं आयुष्यभराचं वाक्य. शिट्टी आणि सिगारेट एकाच खिशात. तेव्हा मी घुमटासारखा होतो. श्वास आला की खाली, गेला की वर.

मग फुप्फुसं सैल पडली. आत गेलेली हवा पुरती बाहेर निघेना. तिनं मला दाबून ताटासारखं सपाट केलं. बसल्या जागी निभतं. पण सर चालू लागले की जुना श्वास बाहेर पडायच्या आत नवा घुसतो आणि मला हलायला जागाच उरत नाही. मग मानेचे स्नायू धावून येतात. बिचारे, त्यांचं हे कामच नव्हे.

सरांच्या मुलीला पुन्हा नोकरीवर जायचंय. नात नुकती चालू लागलीय.

"बाबा, सांभाळाल ना हिला? म्हणजे जमेल का, असं नाही म्हणत मी."

"मग काय म्हणतेस?"

"तेच म्हणतेय. नीट म्हणता येत नाहीये."

फिजिओथेरपीच्या ताईंनी शिकवलं होतं, "दम लागला की पुढे वाका, हात टेका, पोट सैल सोडा, ओठांचा चंबू करून हळू फुंका."

"असं वाकणाऱ्या पोरांना मी मैदानाबाहेर काढायचो, ताई."

"मग आता तुम्ही या मैदानात."

काल लिफ्ट बंद होती. नातीला कडेवर घेऊन सर जिना चढू लागले, मागे मुलगी. वळणावर दम संपला. आणि सरांनी काय करावं? सावधान! पाठ ताठ, पोट आत. वरून साचलेली हवा, खालून आवळलेलं पोट. मी मधे अडकलो. संपलं सगळं, असंच वाटलं मला.

"बाबा, वाका! हिला द्या इकडे."

सरांनी मान हलवली. तुटक तुटक म्हणाले, "आत्ता दिली... तर तू... पुन्हा देणार नाहीस."

मुलगी हात पुढे करून तशीच उभी. तेवढ्या वेळात मी कितीदा मेलो असेन!

शेवटी सरांनी नातीला मुलीकडे दिलं. वाकले. पोट सोडलं. मला बोटभर जागा मिळाली.

मुलगी पायरीवरच बसली. "दिलीत ना? म्हणूनच उद्या ठेवून जाईन. जिना मात्र नाही हं. आणि मी घाबरणारच, त्याला इलाज नाही."

आत्ता ती चपला घालून दारात उभी आहे, जात मात्र नाहीये. नात आतल्या खोलीकडे पळालीय. सर उठतायत.

सर, दम लागला तर लाज धरू नका, खुर्चीची पाठ धरा. मला तेवढी जागा पुरते. पुरेल, असं वाटतंय.