रंग चांगला आहे तुमचा

इंजेक्शन टोचून ह्यांना काचेपलीकडे एकटंच बसवलं होतं. अंगात किरणं, म्हणून तासभर कुणी जवळ जायचं नाही. मी खुणेनेच विचारलं, चमकायला लागलात का? तर ह्यांनी शर्टाचं बटण उघडून आत डोकावून बघितलं. नर्स हसून हसून लाल.

आमचे हे गळती शोधणारे. टाकीत रंग सोडायचा आणि कुठल्या भिंतीतून बाहेर येतो ते बघायचं, हा धंदा. नाक तर असं, की तिसऱ्या मजल्यावर कुणी बाई रडली तरी तळमजल्यावर ह्यांना ओल कळायची. खोटं वाटत असेल तर त्या बाईलाच विचारा.

प्रोस्टेटची ग्रंथी काढल्यावर दोन-तीन वर्षं बरी गेली, मग रक्तातला आकडा चढायला लागला. कॅन्सर परतला, पण बसलाय कुठे? जुन्याच जागी असेल तर रेडिएशनने जाळून मोकळं व्हायचं. हाडांत गेला असेल तर तो काही जायचा नाही. डॉक्टर दोन औषधांची तुलना करत होते. एक जुनं, एक नवं. कॅन्सर दिसेल तिथे जाऊन स्कॅनमध्ये चमकायचं, हेच दोघांचं काम. एकाच माणसाला दोन्ही टोचायची, आठवड्याच्या अंतराने.

जुन्या औषधात एकच ठिपका दिसला, जुन्याच जागी. आठवडाभर हे शिट्टी वाजवत हिंडले. एका मोठ्या इमारतीचं काम घेऊन आले. मीही शेजारणीला सांगून टाकलं, मरण आमचा पत्ता चुकलं म्हणून.

आज नव्याची पाळी होती. स्कॅन झाल्यावर डॉक्टर दोन्ही चित्रं घेऊन जवळजवळ धावतच आले. नव्या चित्रात मणका, बरगड्या, खुबा, सगळीकडे मूठभर टिकल्या उधळल्यासारखे ठिपके.

"बघा काका, जुन्याला यातलं काहीच सापडलं नव्हतं. नवं कितीतरी सरस आहे."

शर्यत जिंकल्यासारखा चेहरा. मला वाटलं, काढावी चप्पल. हे मात्र गिऱ्हाइकाची भिंत बघतात तसे चित्रावर वाकले.

"रंग चांगला आहे तुमचा," म्हणाले. "एक सांधा सोडला नाही."

तेव्हा कुठे डॉक्टरांचं हसू मावळलं. मी रेडिएशनचं विचारलं, तर म्हणाले, आता त्याने बरं व्हायचं नाही. औषधांनी रेटायचं, रेटेल तितकं.

आमच्याच न्हाणीघराची भिंत कित्येक वर्षं ओली. गळती शोधणाऱ्याच्या घरात! टोमणे मारून माझी जीभ झिजली होती. संध्याकाळी हे कामाची पेटी घेऊन तिथे बसले. रंगाची बाटली उघडली, बराच वेळ नुसती हातात धरली, मग झाकण घट्ट लावून टाकलं.

"अगं, राहू दे ना ओल," म्हणाले.

मी ह्यांचा टॉवेल आणला आणि भिंतीवरच्या त्या ओल्या डागावर टांगला.