भिंतीवरची अर्धी खिडकी

मी एक जुना प्रोजेक्टर आहे. डोंबिवलीत मानपाड्याच्या एका लग्नाच्या हॉलमध्ये आम्ही तिघे छताला ओळीने टांगलेले होतो. मी तीन नंबर. उमेदीची वर्षे ठाण्यातल्या एका कॉलेजात गेली, तिथे मुले माझ्या उजेडात बिनधास्त झोपत. इथे मात्र मला मान होता, आणि खोटे कशाला बोलू, मी थोडा चढूनही गेलो होतो.

मित्रांनो, तिघांच्या उजेडातून आमच्या ऑपरेटर सुमेधाताई एकच लांबलचक चित्र जुळवायच्या. त्यावर परगावच्या नातेवाइकांच्या व्हिडिओ कॉलच्या खिडक्या मांडायच्या. दोन शेजाऱ्यांचा उजेड जिथे एकमेकांवर पडतो, त्या पट्ट्यात त्या कुणाचा चेहरा कधी ठेवत नसत. तिथे चित्र जरा हलले की माणसाला दोन नाके दिसतात.

वैशाखात निशाचे लग्न होते. तिचे वडील राघोशेठ कल्याणच्या हॉस्पिटलात अत्यवस्थ होते. लेकीवर अक्षता टाकायच्या, एवढीच त्यांची इच्छा होती. मुलगा हितेश मोबाइल धरून त्यांच्यासमोर बसला होता. त्यांच्या उजव्या मुठीत त्याने अक्षता दिल्या होत्या. पण भिंतीच्या मधोमध शुभेच्छुकांचाच बॅनर हवा, असा भावकीने हट्ट धरला. बावीस चेहरे, त्यातले निम्मे गॉगल लावलेले. नाइलाजाने ताईंनी राघोशेठांची खिडकी पट्ट्यावर सरकवली. मूठ दोन नंबरच्या वाट्याला गेली, चेहरा आणि डावा खांदा माझ्या.

मंगलाष्टके सुरू असताना हितेशने व्हिडिओ कॉल तोडला आणि ताईंना साधा फोन केला. म्हणाला, "ताई, बाबा गेले. खिडकी बंद करा, पण लग्न लागेपर्यंत निशाला सांगू नका."

ताईंनी ती गोठलेली खिडकी बंद केली. दोन नंबरवरचा भाग विझला. माझ्यावरचा विझला नाही. त्यांनी माझी चित्राची केबल उपटली. तरी राघोशेठ भिंतीवर होते, अर्धे, आणि त्यांची पापणी लवत होती. मला फार भीती वाटली. माझ्यात कुठूनही काही येत नव्हते, तरी माझ्यातून ते दिसत होते.

अंतरपाट दूर झाला, सगळ्यांनी अक्षता टाकल्या. निशाने वर पाहिले आणि शेजारी उभ्या आईला, कमळाबाईंना, हळूच विचारले, "आई, बाबा बघतायत ना? मग अक्षता का टाकत नाहीत?"

भिंतीवरचा चेहरा सावकाश वळला आणि जिथे हात असायला हवा, तिथे बघत राहिला.

त्यानंतर प्रत्येक लग्नात मी लागलो की माझ्या डाव्या कडेला ते यायचे. नवरीकडे बघायचे, मग पुन्हा त्या अंधाऱ्या बाजूला. लोक घाबरले, मालकाने मला उतरवून जिन्याखाली ठेवले. आज भंगारवाला येणार आहे.

मित्रांनो, मला जपा, असे मी स्वतःसाठी म्हणत नाही. एकदाच मला दोन नंबरच्या शेजारी लावा. बॅनर काढा, ती खिडकी आम्हा दोघांवर मिळून पूर्ण उघडा, आणि निशाला समोर उभी करा. म्हाताऱ्याची मूठ अजून मिटलेलीच आहे.