बीममधून गेलेला पाइप

मी टेबलावरचा माऊस. आजवर नुसतं टिकटिक करत आलो, बोललो कधी नाही. पण आता शरीर साथ देईना, तेव्हा काय ते सांगून टाकतो.

माझा जन्म कारखान्यातला. हजारो भावंडांतून उचलून मला एका नव्याकोऱ्या कॉम्प्युटरबरोबर या ऑफिसात पाठवलं आणि मी ताईंच्या हाती पडलो. ताई म्हणजे इमारतींतल्या सांडपाण्याच्या पाइपांचे नकाशे काढणाऱ्या बाई. पंचवीस वर्षं हेच काम. एक रेघ म्हणजे एक पाइप. सगळं सपाट, स्वच्छ, देखणं. त्यांच्या नकाशावर साहेब न बघता सही करायचे.

तेच साहेब एक दिवस म्हणाले, "ताई, सपाट नकाशे आता बंद. अख्खी इमारत कॉम्प्युटरमध्ये उभी करायची. भिंती, बीम, एसीचे डक्ट, वायरी, तुमचे पाइप, सगळं एकाच मॉडेलमध्ये. तीन महिन्यांत शिकून घ्या. नाहीतर फायली लावायला रेकॉर्ड रूम आहेच."

ताईंचा हात माझ्यावर होता, म्हणून तो गार पडलेला फक्त मला कळला.

शिकवणी हेडफोनमधून चालायची. व्हिडिओतली बाई दर पाच मिनिटांनी म्हणायची, "बघा, किती सोपं आहे!"

"तुझं डोंबल सोपं!" म्हणत ताई मला टेबलावर आपटायच्या. आपटून घेणं हेही माझ्या कामात बसतं, हे मला कारखान्यात कोणी सांगितलं नव्हतं.

पहिल्याच आठवड्यात त्यांनी एक पाइप काढला. तो दिसेचना. पुन्हा काढला, पुन्हा गायब. चिडून चिडून सात वेळा काढला. दुपारी इमारत आडवी-उभी फिरवून बघितली, तर खालच्या मजल्यावर सातही पाइप एकमेकांच्या अंगावर निवांत पडलेले. ताईंनी चष्मा काढला आणि कपाळ धरून बसल्या.

पुढे तर छळच. सांडपाण्याच्या पाइपाला उतार लागतो. उतार दिला की जोड तुटायचा, जोड जुळवला की उतार जायचा. चूक दाखवणारी लाल चौकट यायची, ताई ती बंद करायच्या, ती परत यायची. घामाने माझी पाठ चिकट व्हायची. घरून बहिणीचा फोन आला की ताई म्हणायच्या, "काही नाही गं, या वयात पाटी-पेन्सिल घेऊन बसलेय."

तिसऱ्या महिन्यात एका छोट्या हॉस्पिटलचं काम आलं. ताईंनी पाइप बसवले आणि ते कुठे भिंतीला, बीमला धडकतात का ते दाखवणारं, टक्कर तपासायचं बटण दाबलं. एकशे बारा टकरी! एकेक करत सगळ्या सोडवल्या, पण एक हटेना. दुसऱ्या मजल्यावरच्या बाथरूमचा पाइप सरळ बीममधून जात होता.

"या यंत्राला काडीची अक्कल नाही," ताई फणफणल्या. "मी जन्मभर असेच पाइप काढलेत. कधी कुणाची तक्रार नाही!"

आणि तेच सिद्ध करायला त्यांनी मिस्त्रींना फोन लावला. त्यांच्या नकाशांवरून वर्षानुवर्षं पाइप बसवणारा म्हातारा प्लंबर. फोन स्पीकरवर होता.

"मिस्त्री, माझा पाइप कधी बीममध्ये आला होता का हो?"

पलीकडून आवाज आला, "रागावू नका ताई. पुष्कळदा यायचा. आम्ही वळसा घालून न्यायचो."

"मग सांगितलं का नाही?"

"तुमचा नकाशा इतका सुरेख असायचा. कुठल्या तोंडानं सांगणार?"

"वळसा घातल्यावर उतार पुरायचा?"

"कुठं पुरायचा, कुठं नाही."

"नाही पुरला की?"

"तुंबायचं, ताई. त्या मुलींच्या शाळेत तर दर दोन महिन्यांनी."

ताईंनी फोन ठेवला. त्या दुपारी मला कोणी आपटलं नाही. ते आपटण्यापेक्षा वाईट होतं.

दुसऱ्या दिवशी त्या साहेबांकडे गेल्या नाहीत, साहेबांनाच टेबलाशी बोलावलं. "पाइप खाली नेणारा शाफ्ट बाथरूमला लागून हवा, म्हणजे बीम आडवा येणार नाही. भिंत सरकवावी लागेल."

"आता? नकाशे उद्या द्यायचेत! साइटवर बघतील ते."

"साइटवर बघतात, म्हणूनच तुंबतं. भिंत सरकल्याशिवाय माझं नाव या नकाशावर घालू नका. मग रेकॉर्ड रूम तर रेकॉर्ड रूम."

साहेबांनी पडद्यावरचा तो पाइप बघितला आणि तिथूनच आर्किटेक्टला फोन लावला. भिंत सरकली. टकरींचा आकडा शून्य झाला. ताईंना रेकॉर्ड रूम बघावी लागली नाही, पण कुणी पेढेही वाटले नाहीत. उलट पुढच्याच आठवड्यात सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती आली आणि ओळखीची बटणं जागेवरून हलली. ताईंचं "डोंबल" पुन्हा सुरू झालं.

एवढ्यात माझं डावं बटण झिजलंय. एक पाइप मागितला की दोन उमटतात. ताई चिडतात, पण मला टाकवत नाही त्यांना.

म्हणून ऑफिसातल्या कुणाला तरी माझी विनंती आहे. मला काढा आणि आजच नवा माऊस द्या. जेवणाच्या सुट्टीत, कुणी सांगितलेलं नसताना, ताई आपलेच जुने नकाशे काढून मॉडेलमध्ये उभे करतायत, पाइप कुठे कुठे बीममध्ये घुसलेत ते शोधतायत. मुलींच्या शाळेपासून सुरुवात केलीय. तुंबणाऱ्या आणखी बारा इमारती बाकी आहेत.