मास्तरांच्या एकशे सात नक्ष्या

मित्रांनो, मी संगणकाचा माउस. जुना, शेपटीवाला. नाव उंदराचे, पण उभ्या आयुष्यात कुणाचे काही कुरतडले नाही, असे मी परवापरवापर्यंत मान वर करून सांगत असे. आता सांगत नाही. का सांगत नाही, तेच आज तुम्हाला सांगणार आहे. ऐकून बरे वाटणार नाही. मलाही सांगताना बरे वाटत नाही.

माझा जन्म एका लांबलचक शेडमध्ये झाला. साच्यात प्लास्टिक ओतले, पोटात लाल दिवा बसवला, मागे वायर जोडली. शेवटच्या टेबलावर एक बाई बसत. आमची दोन्ही बटणे त्या दहा-दहा वेळा दाबत आणि कान देऊन आवाज ऐकत. माझा आवाज ऐकून त्या म्हणाल्या, "हा टिकेल." कौतुक म्हणाल तर ते पहिले.

तिथून मी एका कचेरीत गेलो. तिथे एका मुलीच्या हाताखाली मी आठ वर्षे काढली. नावे, पत्ते, तारखा, पुन्हा नावे. काम रुक्ष होते, पण मुलगी जीव लावणारी होती. नवी यंत्रे आली तेव्हा आमची रवानगी भंगारात व्हायची होती. तिने साहेबांना विचारून जुना संगणक आणि मला उचलले आणि आपल्या आईवडिलांच्या घरी आणून ठेवले.

घर दोन खोल्यांचे, दुसऱ्या मजल्यावर. खिडकीपाशी टेबल. खिडकीतून समोरची भिंत आणि त्या भिंतीवर वाळत घातलेले दुसऱ्यांचे कपडे दिसत. मुलीचे वडील कापडाच्या गिरणीत नक्षीखात्यात होते. एकेचाळीस वर्षे! सगळे त्यांना मास्तर म्हणत, म्हणून मीही मास्तरच म्हणतो. त्यांच्या बायकोला मी मनातल्या मनात काकू म्हणतो.

मास्तरांचे काम काय होते, ते नीट ऐका. पुढचे सगळे त्यावरच आहे. चादरीवर, पडद्यावर, टेबलाच्या कापडावर जी फुले-पाने विणलेली असतात, ती मास्तर आधी चौकोनांच्या मोठ्या कागदावर काढत. एक चौकोन म्हणजे एक धागा. चौकोन भरून झाले की शेजारच्या टेबलावरचा कारागीर तो कागद बघून पुठ्ठ्यांना भोके पाडी. ते पुठ्ठे मागावर चढले की माग ती नक्षी विणू लागे. पुठ्ठे जपून ठेवत. कागद मात्र खोडून कोरा करायचा आणि त्याच्यावरच पुढची नक्षी काढायची, असा गिरणीचा नियम होता. कोरा केल्याशिवाय कागद हातावेगळा करायचा नाही. मास्तरांनी एकेचाळीस वर्षांत हा नियम एकदाही मोडला नाही.

मग गिरणी बंद पडली. पुठ्ठे रद्दीच्या ट्रकात भरून गेले. मास्तर घरी बसले आणि काकूंच्या पायात पायात येऊ लागले. भाजी अशी का चिरली, डबा तिथे का ठेवला! काकू कंटाळल्या. "अगं, यांना काहीतरी नाद लाव, नाहीतर मला वेड लागेल," असे त्यांनी लेकीला सांगितले. म्हणून तर आमची स्वारी त्या घरी आली.

लेकीने पडद्यावर एक चित्र ठेवून दिले. त्याच्यावर दोनदा टिचकी मारली की चौकोनांचा कागद उघडे. वडिलांना शोधाशोध नको, ही तिची माया.

"हे चौकोन, बाबा. यात रंग भरायचा. काढून झालं की वर कोपऱ्यात हे छोटं चित्र आहे ना, त्याच्यावर टिचकी मारायची. म्हणजे सेव्ह झालं."

"सेव्ह म्हणजे?"

"म्हणजे ठेवलं. आता ते कुठे जात नाही."

मास्तरांचा चेहरा उजळला. "पुठ्ठे पाडून झाले म्हण की!"

"हो, तसंच," लेक हसून म्हणाली. तिची बस निघायची वेळ झाली होती. "बाकीचं पुढच्या वेळी दाखवते," म्हणत तिने चपला घातल्या.

ती पुढची वेळ कधी आली नाही. रोजचा फोन होता, अधूनमधून रविवार होता, पण ते बाकीचे राहूनच गेले.

सुरुवातीला मास्तर गंमत म्हणून काढत. किटली काढली, खिडकीतून दिसणारी कपड्यांची दोरी काढली, एक दिवस काकूंचा चष्मा काढला. काकू डोळे बारीक करून म्हणाल्या, "ही सायकल बरी जमलीय हो."

"सायकल नाही गं, तुझा चष्मा आहे!"

"मग मी इतके दिवस सायकल लावून फिरतेय म्हणायची!"

दोघे किती हसले! मीही त्यांच्या तळव्याखाली हललो. त्या दिवसांत मला खरोखर वाटले की माझे नशीब फळफळले. नावे-पत्ते टिपणारा मी, आता चित्रे काढत होतो. मास्तरांचा हात हलका होता, पण एक चौकोन चुकत नसे. संध्याकाळी ते मला कापसाने पुसत आणि म्हणत, "हात चांगला आहे गड्या तुझा." याहून मोठे बक्षीस मला कुणी दिले नाही.

पण पहिल्याच आठवड्यात एक गोष्ट माझ्या लक्षात आली होती. पडद्यावर फिरणारा छोटा बाण म्हणजे माझी नजर. तो जातो तिथले मला दिसते. मास्तर किटली सेव्ह करत. दुसऱ्या दिवशी त्याच चित्रावर टिचकी मारून तोच कागद उघडत, खोडरबर सर्वांत मोठे करून किटली पुसून टाकत, तिथे दोरी काढत आणि पुन्हा सेव्ह करत. त्यांच्या हिशेबी किटलीचे पुठ्ठे पाडून झाले होते, ते आत कुठेतरी रचून ठेवले होते. कागद तेवढा मोकळा झाला होता. या यंत्रात कागद आणि पुठ्ठे एकच असतात, हे त्यांना कुणी सांगितले नव्हते. किटली गेली होती. चष्मा आला की दोरी गेली.

किटलीचे एवढे काय, असे मी मनाला समजावले. तेवढ्यात मास्तर एक दिवस गॅसवर रिकामे पातेले ठेवून विसरले. मग घरचा रस्ता विसरले. डॉक्टरांनी तपासून स्पष्टच सांगितले. आठवण कमी कमी होत जाणार. अलीकडचे आधी जाईल, जुने मागाहून.

तिसऱ्या दिवशी मास्तरांनी कॅलेंडरचे जुने पान उलटे करून भिंतीला लावले आणि त्यावर पेन्सिलीने नावे लिहिली. गिरणीतल्या लोकांनी त्यांच्या नक्ष्यांना ठेवलेली नावे होती ती. उलटे पाखरू. मोडकी शिडी. सासूचे दात. ओली पाने. चोरपावले. एकूण एकशे सात.

"या माझ्या डोक्यात आहेत तेवढ्याच," ते लेकीला फोनवर म्हणाले. "दुसरीकडे कुठेच नाहीत. माझं डोकं जायच्या आत बाहेर काढतो."

"काढा, बाबा. मी त्यांचं छान पुस्तक छापून आणते. सेव्ह करताय ना?"

"एकही सोडत नाही!"

मित्रांनो, पुढची दोन वर्षे आम्ही रोज सकाळी कामाला बसलो. मास्तर कधी काकूंचे नाव विसरत, कधी जेवलो की नाही ते विसरत. पण टेबलापाशी बसले की हात चालू होई. एक एक नक्षी पाच-सहा दिवसांत पुरी होई. 'ओली पाने' पुरी झाली तेव्हा काकू शेंगा सोलता सोलता उठून आल्या आणि पडद्यापुढे उभ्याच राहिल्या. "अहो, हे तुम्ही आधी मला कधी दाखवलं नाहीत," एवढेच म्हणाल्या. मास्तरांनी मला कोपऱ्यात नेले, टिचकी मारली, भिंतीवरच्या यादीत पेन्सिलीची खूण केली. दुसऱ्या दिवशी आम्ही ती ओली पाने पुसली. वरून खाली, ओळीने. मीच पुसली. माझ्याच पोटाखालून ती गेली.

मी काय करणार होतो? मला तोंड नाही. एकदा मी हट्टाने बटण अडकवून धरले. टिचकी वाजूच दिली नाही. मास्तरांनी मला उलटे केले, फुंकर घातली, काडीने कडा साफ केल्या. "तूही म्हातारा झालास होय?" म्हणून मला थोपटले. त्या थोपटण्याने माझे बटण सुटले आणि आणखी एक नक्षी गेली.

लेक दर आठवड्याला विचारी, "ठेवताय ना सगळं?" ते म्हणत, "ठेवतोय की." ती रविवारी यायची तेव्हा कपडे, औषधे, डॉक्टर, बँक यांतच तिचा दिवस जाई. सगळ्या झाल्या की एकदम बघू, असे ती म्हणे. एकदासुद्धा कुणी म्हटले नाही की दाखवा, किती झाल्या बघू.

एकशे सातवी नक्षी संपली त्या दिवशी मास्तरांनी नवा सदरा घातला. पानावर शेवटची खूण केली. मग काम संपल्यावर करायचे ते केले. ती नक्षी सेव्ह केली, कागद नीट खोडून कोरा केला आणि तो कोरा कागदही व्यवस्थित सेव्ह केला. माल देऊन झाला होता.

रविवारी लेक आली. मास्तर गच्चीवर झाडांना पाणी घालायला गेले होते. ती बसली आणि तिने मला हातात घेतले. जुनी ओळख ती, मला तिचा हात लगेच कळला. तिने दोनदा टिचकी मारली. पांढरा कागद उघडला. ती थोडा वेळ वाट पाहत राहिली. मग शोधू लागली. तिच्या हाताखाली मी संगणकाचा कोपरान् कोपरा धुंडाळला. काही नव्हते, हे मला माहीत होते, तरी धुंडाळला.

"आई," ती हळूच म्हणाली, "काहीच नाही गं इथे."

काकू आल्या. कोऱ्या कागदाकडे बघत राहिल्या. "असं कसं? मी पाहिल्यात ना सगळ्या!"

"मग सांग ना कशा होत्या. एखादी तरी काढून दाखव."

काकूंनी बोट पडद्याजवळ नेले आणि मागे घेतले. "सुंदर होत्या गं," त्या म्हणाल्या. पुढे त्यांना काही सांगता येईना. त्या पदराने डोळे पुसू लागल्या.

इतक्यात मास्तर जिना उतरून आले. हात ओले, चेहरा फुललेला. "काय, आहेत ना सगळ्या?"

लेकीने झटकन पडदा बंद केला. वडिलांच्या चेहऱ्याकडे पाहून तिला खरे सांगवेना. "आहेत, बाबा," ती म्हणाली. "एकशे सात. फार छान आहेत."

मास्तर खुर्चीत बसले. त्यांनी मोठा श्वास सोडला.

"मग सुटलो मी. तुम्हाला सांगितलं नव्हतं, पण रोज उठल्यावर अंथरुणातच एकेक नक्षी मनात काढून बघत होतो. पहिलीपासून शेवटपर्यंत. एक जरी सुटली तरी पुन्हा पहिल्यापासून. म्हटलं, यंत्राचा काय भरवसा? आता बास. आता नाही काढणार. फार थकायला होतं गं."

लेकीची माझ्यावरची पकड इतकी घट्ट झाली की माझे कवच करकरले. म्हणजे अजून होत्या! सगळ्याच्या सगळ्या त्या डोक्यात होत्या, आज सकाळपर्यंत तरी होत्या. तिने तोंड उघडले. काकूंनी डोळ्यांनी खुणावले, आज नको. आणि खरेच, त्या दुपारी मास्तर लहान मुलासारखे गाढ झोपले होते. त्यांना उठवून कोण सांगणार होते?

पुढच्या रविवारी सांगू, असे ठरले. पुढच्या रविवारी मास्तर इतके खुशीत होते की लेकीचा धीर झाला नाही. त्याच्या पुढच्या रविवारीही तेच झाले. पाचव्या रविवारी तिने मन घट्ट केले आणि त्यांना टेबलापाशी बसवले.

"बाबा, 'सासूचे दात' एकदा परत काढून दाखवा ना."

"आहे ना तुझ्याकडे."

"तरी पण काढा. माझ्यासाठी."

त्यांनी मला तळव्यात घेतले. चार चौकोन भरले. पाचव्यापाशी हात थांबला, खूप वेळ थांबून राहिला. मग ते तिच्याकडे वळून अगदी सहज म्हणाले, "गेली वाटतं. असू दे. तू बघून घे उघडून."

लेक स्वयंपाकघरात गेली. तिथे ती तोंडावर टॉवेल दाबून रडत होती, ते मला इथे टेबलावर ऐकू येत होते.

त्याला वर्ष होऊन गेले. मला आता कुणी वापरत नाही. संगणकावर चादर टाकली आहे. परवा काकूंनी माझ्यावरची धूळ पुसली आणि काही आठवते का बघावे म्हणून मला मास्तरांच्या हातात दिले. त्यांनी मला उलटेपालटे केले, माझी वायर बोटाला गुंडाळली आणि विचारले, "हे कशाचं आहे?"

मित्रांनो, मला जपा, पुसा, असे सांगण्यासाठी मी बोलत नाही. माझे आता संपलेच आहे. पण तुमच्या घरात कुणी म्हातारे माणूस काही काढत असेल, शिवत असेल, लिहीत असेल, तर त्याला "ठेवलंय ना?" एवढेच विचारून चपला घालू नका. शेजारी खुर्ची ओढा, बसा आणि म्हणा, "दाखवा." आणि काही हरवले असेल तर ते त्यांना त्याच दिवशी सांगा, ते रडले तरी सांगा. रडून झाल्यावर मास्तरांनी पुन्हा काढायला घेतले असते. निदान दहा-बारा तरी काढल्या असत्या.