पाटलीणबाईंची चटणी

"ही पाटलीणबाई कोण रं ऋतू?" लेबलांचा गठ्ठा हातात घेऊन मीनाकाकींनी विचारलं.

मी मेणबत्तीसमोर बसून पुडे बंद करत होतो. करवतीच्या पात्यावर पिशवीची कड धरायची आणि ज्योतीवरून झरकन फिरवायची. मशीन घेण्याची ऐपत येईपर्यंत हेच आमचं मशीन. बोटं भाजून निघाली होती, पण थांबायला वेळ कुणाला होता?

"कुणी न्हाय काकी. नुसतं नाव हाय."

"आणि परवा मिरच्या भाजताना ठसका तिला लागलता व्हय?"

वजन करत बसलेल्या प्रसेनजीतनं, त्यांच्या पोरानं, मान खाली घातली. आम्ही दोघं बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षाला, एका बाकावरचे. धंद्याची कल्पना माझी, घाईही माझीच. भांडवल म्हणजे प्रसेनजीतची मंडपवाल्याकडची मजुरी आणि गॅदरिंगच्या कपड्यांसाठी मी आईकडून लुबाडलेले पैसे. खरं भांडवल मीनाकाकींचा हात. मुलींच्या होस्टेलच्या मेसमध्ये स्वयंपाक करणाऱ्या या बाईंनी रविवारची सुट्टी मोडून मिरच्या भाजल्या, मसाला तळला आणि डंकावर स्वतः उभं राहून चटणी कुटून आणली. वासानं गल्लीतली माणसं दारात यायची.

"मीनाबाई कांबळे यांची घरगुती चटणी" हा मजकूर प्रसेनजीतनं कागदावर लिहून दिला होता. छापखान्यात मी तो बदलून "पाटलीणबाईंची चटणी" केला आणि वर नथ घातलेल्या बाईचं चित्र टाकलं.

कारण सांगतो. पहिले वीस पुडे घेऊन मी एका अपार्टमेंटमध्ये गेलो होतो. एका बाईंनी चिमूटभर चटणी जिभेवर ठेवली, डोळे मिटले, वा म्हणाल्या. मग विचारलं, "कुणाच्या घरची?" मी आडनावासकट सांगितलं. त्यांनी पुडा हळूच परत ठेवला. "आमची वर्षाची चटणी करून झालीया बाबा." खालच्या मजल्यावरही तेच. संध्याकाळी एकोणीस पुडे घेऊन परतलो. प्रसेनजीतला काही बोललो नाही. त्यानंही विचारलं नाही, म्हणजे त्याला कळलं होतं.

"माझी आई पाटलीणच हाय की काकी," मी म्हणालो. "खोटं कुठं हाय त्यात?"

"राहू दे गं आई," प्रसेनजीत तागडीकडे बघत म्हणाला. "खपू दे आधी. मग बदलू."

काकी पोराकडे बघत राहिल्या. माझ्यापेक्षा त्याचंच बोलणं त्यांना जास्त लागलं असावं. मग खाली बसून त्यांनी उरलेली लेबलं स्वतः चिकटवली. एकही वाकडं लागलं नाही.

राजारामपुरीतल्या एका हॉलमध्ये दोन दिवसांचं प्रदर्शन होतं. पहिल्या दिवशी दुपारपर्यंत निम्मा माल संपला. पाटलीणबाई धावली म्हणायची. मला तर जागेवर उभं राहवेना. मनात गोडाऊन झालं होतं, टेम्पो आला होता, टेम्पोवर काय लिहायचं तेही ठरलं होतं.

संध्याकाळी जयसिंगपूरचे हंबीरराव आले. तिथं त्यांचं मोठं किराणा दुकान. भाकरीच्या तुकड्याला लावून चटणी खाल्ली, पुन्हा खाल्ली.

"महिन्याला पन्नास किलो उचलतो," ते म्हणाले. "पण उद्या पाटलीणबाईंस्नी बसवा हितं. ज्याच्या हातचं, त्याला बघितल्याबिगार मी माल घेत न्हाय."

"व्हय की, बसवतो," मी म्हणालो. तोंडातून गेलंच.

प्रसेनजीत शेजारी उभा होता. हंबीरराव गेल्यावर म्हणाला, "आई उद्या बघायला यायचं म्हणत्या. अर्धी सुट्टी काढलीया तिनं."

"तिला परवा बोलाव की."

"परवा प्रदर्शन हाय व्हय?" एवढं बोलून तो रिकामी खोकी घेऊन गेला. दुसऱ्या दिवशी आलाच नाही.

माझी आई पतसंस्थेत क्लार्क. आमच्या घरची चटणी पेठ वडगावच्या मावशीकडून येते. "मला चहासुद्धा धड जमत न्हाय, तुझ्या बापाला इचार," ती म्हणाली. तरीही पोराचा धंदा म्हणून इरकल नेसली, नथ घातली आणि स्टॉलवर येऊन बसली. दिसत मात्र होती अगदी लेबलावरची.

मला लाज वाटली का? खोटं कशाला बोलू, नाही वाटली. मला घाई होती.

हंबीरराव अकराला आले. आईला नमस्कार केला. "कांदा कसा घालता ताई? वल्लाच, का वाळवून?"

आईनं माझ्याकडे बघितलं. मी टेबलाकडे. हंबीरराव थांबले. कपाळावर आठी चढायला लागली. पन्नास किलो गेले, टेम्पो गेला, सगळं गेलं, असं मला स्पष्ट दिसलं.

"उन्हात वाळवून मग तेलात तळायचा," हंबीररावांच्या मागून आवाज आला. "लसूण मातर कच्चाच. कांदा वल्ला ऱ्हायला तर चटणी चार महिन्यात वास मारत्या. व्हय न्हवं ताई?"

मीनाकाकी होत्या. ठेवणीतली निळी साडी, हातात मेसची पिशवी. आईनं कसंबसं "व्हय" म्हटलं. आमच्या दोन वर्षांच्या दोस्तीत या दोघी पहिल्यांदाच एकमेकींसमोर येत होत्या.

"तुमास्नी बरीच माहिती हाय," हंबीरराव काकींना म्हणाले.

"घरोघरी हेच की," काकी म्हणाल्या.

हंबीररावांची आठी उतरली. त्यांनी वही काढून दुकानाचा पत्ता लिहायला घेतला. मी काहीतरी बोलायला हवं होतं. दोन शब्दांचं काम होतं, ह्याच त्या. पन्नास किलो हातात येईपर्यंत थांबावं म्हणून मी थांबलो.

काकी माझ्याकडे वळल्या. ज्या दिवशी प्रसेनजीतनं मला पहिल्यांदा घरी जेवायला नेलं, त्या दिवसापासून त्या मला ऋतू म्हणूनच हाक मारायच्या.

"पावणं," त्या म्हणाल्या, "एक पुडा द्या की."

मी पुडा दिला. त्यांनी लेबल नीट वाचलं, पुडा पिशवीत टाकला आणि शंभराची नोट पुढे केली. हंबीरराव बघत होते. मी नोट घेतली आणि वरचे वीस रुपये परत दिले.