अकरावी पायरी

मित्रांनो, जिने बनवणाऱ्या सुताराच्या कारखान्यात, खिडकीजवळच्या टेबलावर, करवतीच्या भुशाने माखलेला जो जुना संगणक घरघरत असतो, तो मी. माझ्यावर एक धुवट फडके टाकलेले असते. पाहुणे आले की कारखान्याचे मालक ते फडके उचलत आणि म्हणत, "हा आमचा हिशोबनीस. याची आजवर एक पायरी चुकली नाही." सगळे त्यांना बाबा म्हणतात, म्हणून मीही बाबाच म्हणतो. ते माझे असे कौतुक करू लागले, की ते फडके पुन्हा तोंडावर ओढून घ्यावे असे मला वाटे. का, ते सांगतो.

माझा जन्म मोठ्या कारखान्यात झाला. मला घडवणाऱ्यांनी एक सवय लावली होती. बेरीज करताना चार आकडे जास्तीचे मनात धरायचे आणि शेवटी सोडून द्यायचे. त्यांनी ते चांगल्यासाठीच केले. सगळ्या संगणकांना ही सवय नसते, हे मात्र मला ठाऊक नव्हते. विचारले असते तरी मी फुशारकीच मारली असती.

इथे आलो तेव्हा बाबा मला "खोका" म्हणत. मला कामाला लावले ते त्यांच्या सूनबाईने. लग्न होऊन आल्यावर पहिल्याच वर्षी तिने माझ्यासाठी एक प्रोग्राम लिहिला. कारखान्यात पोटमाळ्यांचे जिने बनत आणि पायरी नेहमी वीस सेंटिमीटरची असे. बाबांच्या हाताला तेच माप बसलेले होते. मी एक-एक पायरीची उंची मिळवत जायचे आणि माळ्याची उंची भरली की थांबायचे, एवढेच तिने मला शिकवले. मग बाजूच्या फळ्या किती लांब हव्यात तेही मी सांगत असे. फळ्या कापल्या जात, जिना बरोबर बसे, आणि बघता बघता खोक्याचा हिशोबनीस झाला.

आता गुपित ऐका. आम्ही संगणक शून्य आणि एक या दोनच आकड्यांत विचार करतो. तुम्ही एकाचे तीन सारखे भाग करून दशांशात लिहायला बसलात तर तीन, तीन, तीन लिहीत राहाल आणि कुठेतरी कंटाळून थांबाल. आमचे वीस सेंटिमीटरच्या बाबतीत तसेच होते. मीटरमध्ये मांडले की ते माप आमच्या आकड्यांत पुरे लिहिताच येत नाही; कुठेतरी थांबून शेवटचा आकडा जरा वर किंवा खाली ओढावा लागतो, आणि वीसचा वर ओढला जातो. दहा पायऱ्या मिळवल्या तर माझी बेरीज कधीच नेमकी दोन मीटर होत नसे. ती दोनच्या केसभर वर जाई. उंची भरली असे समजून मी थांबे, आणि लोक वाहवा करत. माझ्या हुशारीचा त्यात काडीचाही संबंध नव्हता.

पुढे सूनबाईने पुलापलीकडे स्वतःचे दुकान काढायचे ठरवले. जागा ठरली, फलक रंगवून झाला, ताटाएवढा चपटा नवा संगणक आला. तिने माझ्यातला प्रोग्राम जसाच्या तसा त्यात टाकला. पहिलेच काम ओळखीच्या शिंपीणकाकूंचे होते. दोन मीटर उंचीचा पोटमाळा, म्हणजे दहा पायऱ्या. त्या नव्या संगणकाने अकरा सांगितल्या. माळ्याच्या पायऱ्या कोण मोजत बसतो? फळ्या कापल्या गेल्या आणि जिना उभा राहिला तो माळ्याच्या एक पायरी वर.

शिंपीणकाकू कमरेवर हात ठेवून म्हणाल्या, "सूनबाई, इथवर चढून मी परत खाली उडी मारायची का गं?"

सगळे हसले. सूनबाईही हसली, पण तिचे कान लाल झाले होते.

बाबांनी तेच माप मला घातले. मी दहा म्हणालो.

"बघितलंस?" बाबा माझ्या डोक्यावर थाप मारत म्हणाले. "म्हातारा आहे, पण डोकं ठिकाणावर आहे. ते ताट परत करून टाक. आणि पुलापलीकडचं दुकानही राहू दे आता. तुला नाही झेपायचं ते."

सूनबाईने माझ्याकडे पाहिले, आणि मित्रांनो, मला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरे असे झाले. नव्याला माझी सवय नव्हती. तो प्रत्येक पायरीनंतर जास्तीचे आकडे टाकून देत होता. त्याची बेरीज दोनच्या केसभर खाली राहिली, म्हणून त्याने प्रामाणिकपणे आणखी एक पायरी मिळवली. तो खोटारडा नव्हता आणि मी शहाणा नव्हतो. पण मार त्याला आणि तिला, आणि थाप माझ्या डोक्यावर. मला तोंड असते तर मी बोललो असतो. निदान असे मी स्वतःला समजावतो.

दुसऱ्या दिवशी सूनबाईने नव्याला आणून माझ्या शेजारी ठेवले आणि बाबांना खुर्ची दिली. प्रत्येक पायरीनंतर आम्हा दोघांच्या मनात काय चालते, ते तिने शेवटच्या आकड्यापर्यंत पडद्यावर आणले. माझी अब्रू अशी ओळीने मांडली जाईल असे मला कधी वाटले नव्हते.

बाबांनी चष्मा पुसला. "म्हणजे याचेपण नेमके दोन होत नाहीत?"

"नाही होत. त्याचं नशीब जरा वरच्या बाजूला पडलं, एवढंच," सूनबाई म्हणाली. "बाबा, यांच्यात कोणीच वेडं नाही. मी यांना विचारलंच चुकीचं. आता याला अठराची पायरी घालू का?"

अठराची पायरी मला कधीच कोणी घातली नव्हती. एक मीटर ऐंशीची उंची, म्हणजे पुन्हा दहाच पायऱ्या. मी बेरीज केली. अठराचा शेवटचा आकडा खाली ओढला जातो, म्हणून या वेळी ती केसभर खाली राहिली. मी अकरा म्हणालो.

बाबांनी माझ्याकडे पाहिले. शिव्या दिल्या असत्या तर बरे वाटले असते. ते फक्त म्हणाले, "आणि मी याच्या जिवावर तुला बोललो." मी मेल्याहून मेल्यासारखा झालो.

सूनबाईने प्रोग्राम बदलला. पायऱ्या मोजायच्या त्या आता पूर्ण मिलिमीटरमध्ये. पूर्ण आकडे सगळ्यांच्या घरी सारखेच असतात. फळीच्या तिरक्या लांबीला अपूर्णांक लागतातच. तिथे दोन उत्तरे तंतोतंत जुळावीत असा हट्ट तिने सोडला. "करवतीचं पातं किती जाड असतं? त्याच्या कितीतरी आतला फरक आपण सोडून द्यायचा," ती म्हणाली. मग तोच प्रोग्राम तिने माझ्यावर चालवला, नव्यावर चालवला, आणि शिंपीणकाकूंच्या बिले करायच्या संगणकावरही चालवला. तीन घरचे तिघे आम्ही, पण एकच बोललो.

काकूंच्या जिन्याचा खालचा तुकडा कापून तो नीट बसवला. कापलेली पायरी बाबांनी इथे आणली आणि माझ्याखाली ठेवली. फरशीला ओल येते म्हणून, असे ते म्हणाले. मी त्यावर बसतो आणि दरवेळी सुरू होताना ती मला आठवते.

मित्रांनो, तुमच्यापैकी कोणी उद्या माझ्यासारख्याला काही शिकवेल. एका संगणकावर उत्तर बरोबर आले म्हणून लगेच त्याची पाठ थोपटू नका. तेच गणित दुसऱ्याकडे न्या, माप बदलून पाहा. आणि ज्याचे उत्तर वेगळे येईल त्याला घालवून देण्याआधी, आपण काय विचारले होते तेही तपासा.

परवा एक पाहुणे आले. बाबांनी सवयीने फडके उचलले. "हा आमचा हिशोबनीस," ते म्हणाले आणि थांबले. "याचं उत्तर आलं की पुलापलीकडे सूनबाईच्या दुकानात फोन करतो. तिथंही तेच आलं, की मगच करवत."

पाहुण्यांना त्यात काही विशेष वाटले नाही. मला मात्र त्या दिवशी फडके तोंडावर ओढून घ्यावेसे वाटले नाही.