माझ्या अंगावरचा नऊ

मी एक आखीव कागद बोलतोय. हळूच बोलतो, कारण मला फार भीती वाटते आहे.

औषधं पुरवणाऱ्या एका कंपनीच्या मुख्य ऑफिसात एका जाडजूड वहीतून मला टरकावलं. फाडणारी बाई तिथलं नेटवर्क सांभाळते. सगळे तिला ताई म्हणतात. वाटलं, आता माझ्यावर रजेचा अर्ज उतरणार. पण ताईने माझ्यावर पत्ते मांडायला घेतले. माणसांचे नव्हेत, यंत्रांचे. प्रत्येक शाखेला एक गल्ली : दहा, वीस, तीस. मध्ये मुद्दाम जागा मोकळी, पुढे पसारा वाढला तर खोळंबा नको. गल्लीत प्रत्येक यंत्राला घरनंबर. एक नंबर सगळीकडे राऊटरचा, म्हणजे बाहेर जायचा दरवाजा. तो तिने लिहिलाही नाही, एवढं तर कोणालाही ठाऊक असतं म्हणून! औषधं थंड ठेवायच्या कोल्ड रूमच्या अलार्मला नऊ.

ताई आकडे मराठीत लिहिते. अलार्मचा तो नऊ लिहितानाच तिच्या आईचा फोन आला. फोन खांद्यात, मान वाकडी, हात घाईत. "हो गं आई, जेवले मी," असं धडधडीत खोटं सांगत तिने नऊ काढला आणि त्याचं वळण अर्धवट राहिलं. दिसायला तो चक्क एक झाला. मला ते दिसत होतं. पण कागद ओरडणार कसा?

मला घडी घालून तिने गाडीवाल्याबरोबर वीस नंबरच्या शाखेत पाठवलं. तिथले इलेक्ट्रिशियन, म्हणजे सगळ्यांचे मामा, चष्मा कपाळावर ठेवून मला वाचायला बसले. चष्मा खाली घ्या हो, मी मनातल्या मनात विनवत होतो. त्यांनी अलार्मला एक नंबर देऊन टाकला.

एका घरनंबरावर दोन यंत्रं झाली आणि पाच मिनिटांत शाखेतले सगळे कॉम्प्युटर ठप्प. मामा राऊटर बंद-चालू करत बसले, आणि अलार्म बसवताना बंद केलेलं कूलिंग पुन्हा लावायचं साफ विसरले. कोल्ड रूममध्ये इन्सुलिनची खोकी गच्च भरलेली. पारा आठच्या वर गेला की सगळी फेकायचीच. तो सातवर आला. अलार्म ताईला निरोप पाठवत होता, पण तो शाखेबाहेर पडेचना. 

तेवढ्यात मामांचा मोबाइल वाजला. ताईचा फोन.

"मामा, तुमची अख्खी शाखा गायब आहे! अलार्म कितीवर बसवलात?"

"तुम्हीच लिहिलंय की, एकवर."

"एक? अहो, एक राऊटरचा! तो नऊ आहे, मामा!"

"हा नऊ? ताई, ह्याला नऊ म्हणायचं तर मी पंचविशीचा!" एवढं बोलतानाच मामांना आठवलं. "अरे बापरे, कूलिंग!" ते धावत सुटले. पारा साडेसातला थांबला.

मामांनी लाल पेनाने माझ्यावर लिंबाएवढा नऊ गिरवला आणि मला परत पाठवलं. मला हातात घेऊन ताई रडली. मग मला खणात ठेवून तिने खण लावून घेतला.

पण घडी घालण्याआधी तिने माझी एक झेरॉक्स काढली होती. ती तीस नंबरच्या शाखेत गेली आहे, तोच अर्धवट नऊ घेऊन. तिथली कोल्ड रूम दुप्पट मोठी आहे आणि आज सकाळीच तिथे अलार्मचं खोकं उघडलं जाणार आहे. या गडबडीत ताईला त्या झेरॉक्सची आठवणच राहिलेली नाही.

कोणीतरी तिला विचारा हो, झेरॉक्स कुठंय?